आजाऱ्यांसाठी दिलेली ठेव मोडून चर्चमध्ये एसी बसवावा का? मंडळीच्या पैशाविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न: अर्थसमितीचा नवा सदस्य, भायखळा

सर्व बंधुभगिनींना सलाम.

मध्य मुंबईतील एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या अर्थसमितीवर यंदा माझी निवड झाली आहे. नगर, जालना, सोलापूर भागांतून गिरण्यांत, रेल्वेत आणि महापालिकेच्या रुग्णालयांत नोकरीसाठी आलेल्या लोकांची ही तिसरी-चौथी पिढी आहे. कुटुंबे जेमतेम 120 असून त्यांतील निम्मी आता कल्याण, बदलापूर, विरार येथे राहायला गेली आहेत. तरीही ती माणसे दीड-दोन तास लोकलचा प्रवास करून उपासनेला येतात आणि त्यांचे महिन्याच्या अर्पणाचे पाकीट सहसा चुकत नाही.

मंडळीचे उत्पन्न म्हणजे रविवारचे अर्पण, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा), आभारदान आणि हंगामाचा सण, म्हणजे पिकातला वाटा देवाला अर्पण करण्याचा सण. मुंबईत कोणाचेही शेत उरलेले नाही, त्यामुळे लोक मंडईतून फळे-भाज्या विकत आणून वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. गेल्या वर्षी एका लाल भोपळ्याला पहिल्या बोलीत 1,100 रुपये आले. घेणाऱ्याने तो तिथल्या तिथे परत अर्पण केला, पुन्हा बोली लागली, आणि तिसऱ्या फेरीअखेर त्या एकट्या भोपळ्याने मंडळीला 4,300 रुपये मिळवून दिले. शेवटी ज्यांनी तो घेतला त्या आजीबाईंना तो उचलवेना, म्हणून तरुण संघातील एका मुलाने तो भायखळा स्टेशनपर्यंत पोहोचवला. हे सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्याकडे येणारा पैसा अशा हातांतून येतो, आणि तो खर्च करण्याच्या ठरावावर सही करताना माझा हात अडखळतो.

आता मूळ अडचण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका निवृत्त परिचारिकाबाईंनी मृत्यूपूर्वी 3,00,000 रुपये दिले आणि ते आजाऱ्यांच्या मदतीसाठी वापरावेत असे सांगितले. ती रक्कम मुदत ठेवीत आहे. तिच्या व्याजातून वर्षाला दोघा-तिघांना औषधांसाठी मदत दिली जाते, आणि एखाद्या वर्षी कोणालाही दिली जात नाही, कारण कोणी मागत नाही. दुसरीकडे, एप्रिल-मे महिन्यांत उपासनेच्या वेळी वृद्धांचे फार हाल होतात आणि यंदा दोघांना चक्कर आली. त्यामुळे ती ठेव मोडून वातानुकूलन यंत्रणा बसवावी आणि दोन वर्षांत रक्कम परत भरावी, असे समितीतील बहुतेकांचे मत झाले आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की म्हातारी माणसे आजारी पडू नयेत म्हणूनच आपण एसी लावत आहोत, तेव्हा हेतू तोच राहतो. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण त्याला सभेत नीट उत्तरही देता आले नाही.

ठेवीचा खरा उपयोग माझ्या डोळ्यांसमोर आहे. परळला टाटा रुग्णालयात गावाकडून उपचारांसाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक पदपथावर रात्र काढतात, हे आपण सर्वजण येता-जाता पाहतो. त्यांच्यापैकी काहींच्या जेवणाची किंवा राहण्याची सोय आपण करू शकतो, असे मी सुचवले. त्यावर "ते आपल्या मंडळीचे सभासद नाहीत" असे उत्तर मिळाले.

समितीला ठेवीचा हेतू बदलता येतो का, शिल्लक किती ठेवावी, आणि अर्पणाचा कितवा हिस्सा कशावर खर्च व्हावा याचे काही मान्य प्रमाण आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: माजी खजिनदार, दादर

सलाम. मी एका मंडळीचा खजिनदार म्हणून अकरा वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: समितीला ठेवीचा हेतू बदलता येत नाही. आपली मंडळी किंवा तिची मालमत्ता ज्या विश्वस्त संस्थेच्या नावावर आहे ती संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली असणार. विशिष्ट कामासाठी मिळालेली रक्कम ताळेबंदात वेगळा निधी म्हणून दाखवावी लागते आणि ती त्याच कामावर खर्च करणे हे विश्वस्तांचे कर्तव्य असते. मूळ हेतू पार पाडणे अशक्य किंवा गैरसोयीचे झाले, तर त्याच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या कामासाठी न्यायालयाकडून निर्देश मिळवण्याची सोय कायद्यात आहे. मुंबईत आजारी माणसे उरलेली नाहीत असे न्यायालयापुढे सांगायला आपली समिती जाईल, असे मला वाटत नाही.

एसीच्या युक्तिवादाला सोपे उत्तर आहे. त्या बाई आज हयात असत्या आणि त्यांच्यासमोर दरपत्रक ठेवले असते, तर त्यांनी मान हलवली असती का? परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या स्त्रीला 'आजारी' या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"दोन वर्षांत परत भरू" या वाक्याची मला विशेष भीती वाटते. मी पूर्वी ज्या मंडळीत होतो तेथे छपरासाठी तीन वर्षे वेगळी वर्गणी जमवली गेली. मग मंडळीचा सुवर्णमहोत्सव आला आणि मंडप, जेवण व स्मरणिका यांसाठी त्या निधीतून "तात्पुरती उचल" घेतली गेली. स्मरणिका सुंदर निघाली. पुढच्या जुलैत ऑर्गनवर प्लॅस्टिक पसरून त्याच्या शेजारी बादली ठेवावी लागली, आणि उपदेशाच्या मधल्या शांततेत थेंबांचा आवाज येई. कोणीही भांडले नाही, पण पुढच्या वर्षी छपरासाठी पाकिटे वाटली तेव्हा निम्म्याहून अधिक रिकामी परत आली. ती बादली मी स्वतः रिकामी केली आहे, म्हणून हे लिहिताना स्वर थोडा कडू झाला असेल तर माफ करावे.

शिल्लक किती ठेवावी याचा आकडा पवित्र शास्त्रात नाही. माझा ठोकताळा असा: पाळकसाहेबांचे वेतन, डायोसिसचा (बिशपांच्या धर्मप्रांताचा) वाटा, वीज, पाणी आणि नोकरांचे पगार मिळून सहा महिन्यांचा खर्च भागेल इतके पैसे सर्वसाधारण शिलकीत असावेत. इमारत जुनी असल्यास दुरुस्ती निधी वेगळा हवा, कारण मुंबईत 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते आणि तिच्या अहवालात काय निघेल हे आधी सांगता येत नाही. याच्यावर जे साचते ते का साचते आहे, हे वार्षिक सभेत कोणीतरी विचारलेच पाहिजे. बँकेतील ठेवींना मिळणारे विमासंरक्षण 2020 पासून एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच आहे. त्याआधी ते अवघे 1 लाख होते. 2019 मध्ये एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईतील अनेक गृहनिर्माण संस्था आणि धार्मिक संस्था रांगेत उभ्या होत्या, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट, जी प्रश्नात नाही पण विचारतो. आपल्या चर्चचा रखवालदार आणि झाडलोट करणारी बाई यांना महिन्याला काय मिळते? याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे म्हटले आहे, आणि अनेक मंडळ्यांत ती वेदीपासून वीस पावलांवर ओरडत असते. दानधर्माचा विचार त्यांचे पगार रीतसर झाल्यानंतर करावा.

उत्तर: एक वाचक, ठाणे

माजी खजिनदारांविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. आपण अर्पण देवाला देतो, समितीला नव्हे. एकदा ते वेदीवर ठेवले की त्यावरचा आपला हक्क संपला, आणि ज्यांच्यावर देवाने जबाबदारी सोपवली आहे ते प्रार्थनापूर्वक निर्णय घेतील, असा विश्वास ठेवायला हवा. राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायाच्या 15व्या वचनात, मंदिराच्या दुरुस्तीसाठी ज्यांच्या हाती पैसा दिला त्यांच्याकडे हिशेब मागितला गेला नाही, कारण ते सचोटीने वागत होते, असे स्पष्ट आहे. आजकाल प्रत्येक गोष्टीत कायदा आणि धर्मादाय आयुक्त आणल्याने मंडळीत प्रेमाऐवजी संशय वाढतो. उन्हाने चक्कर येऊन पडलेली आजीदेखील आजारीच असते, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर: संडे स्कूल शिक्षिका, मुलुंड

ठाण्याच्या बंधूंनी दिलेला संदर्भ बरोबर आहे, पण तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचला तर चित्र बदलते. योवाश राजाने आधी याजकांनाच पैसे घेऊन दुरुस्ती करण्यास सांगितले होते, आणि त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत काहीही दुरुस्त झाले नव्हते. तेव्हा याजकांनी स्वतः पैसे घेणे बंद करण्यात आले, एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवण्यात आली, आणि पेटीत पुष्कळ पैसा साठला की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजून थैल्यांत बांधत. हिशेब मागितला नाही तो त्यानंतर, आणि तोही ज्यांनी सुतार-गवंड्यांना मजुरी दिली त्या देखरेख करणाऱ्यांकडे. मोजणारे दोन होते, आणि दोघांचे मालक वेगळे होते. आमच्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीत, आजही दोघे मोजतात, पण बहुधा ते सख्खे मेव्हणे असतात.

पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा एकट्याच्या हाती ठेवला नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेल्या आणखी एका बंधूला पाठवतो, आणि एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये म्हणून ही काळजी घेत असल्याचे सांगतो. ज्यांच्यासाठी तो पैसा होता ते देणाऱ्यांच्या मंडळीचे सभासद नव्हते, हेही प्रश्नकर्त्यांच्या समितीला वाचून दाखवण्याजोगे आहे.

उन्हाने चक्कर येणाऱ्या आजीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यासाठी मे महिन्यात उपासना सकाळी सात वाजता घ्यावी, चार मोठे पंखे घ्यावेत, आणि एसी हवाच असेल तर त्यासाठी उघडपणे वेगळी पाकिटे वाटावीत. ज्यांना गारवा हवा आहे ते देतील.

मी महिला मंडळाचे काम पाहते, म्हणून "कोणी मागत नाही" या वाक्यावर थोडे लिहिते. मागायचे कसे, हा खरा प्रश्न असतो. आमच्याकडे पूर्वी मदतीसाठी समितीच्या नावे अर्ज लिहावा लागे, आणि तो अर्ज सभेत मोठ्याने वाचला जाई. ज्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे किंवा ज्यांना डायलिसिस चालू आहे, त्या बाईने आपल्याच विहिणीसमोर हे वाचले जाण्यापेक्षा सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवणे पसंत केले. आता पाळकबाई आणि महिला मंडळाच्या दोघी अशा तिघींना एका मर्यादेपर्यंत मदत मंजूर करण्याचा अधिकार आहे. औषधांचे बिल थेट दुकानात चुकते होते, पावती खजिनदारांकडे जाते, आणि वार्षिक अहवालात किती जणांना किती रक्कम दिली एवढेच छापले जाते. नाव कोणाचेही नसते. ते फक्त तिघींच्या वहीत असते आणि ती वही हिशेबतपासनीस पाहतात. पहिल्याच वर्षी निधीतले सगळे व्याज संपले. आजारी माणसे आधीही होतीच.

देणाऱ्यांच्या गुप्ततेचेही असेच आहे. दारावर क्यूआर कोड लागल्यापासून कोणी किती दिले हे खजिनदारांच्या मोबाइलवर नावासकट उमटते. सोय मोठी आहे, बदलापूरच्या माणसाला सुटे पैसे शोधावे लागत नाहीत. पण उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे जे शास्त्रात सांगितले आहे, ते आता बँकेच्या संदेशातून कळते. त्यामुळे तो मोबाइल कोणाकडे असतो हेही समितीने ठरवून घ्यावे.

उत्तर: वसईकर, सध्या दहिसर

मी कॅथलिक आहे, आमची व्यवस्था वेगळी आहे, तरी प्रमाणाविषयीचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले जेलेसियस यांनी चर्चच्या उत्पन्नाचे चार वाटे सांगितले होते: एक बिशपांचा, एक धर्मगुरूंचा, एक गरिबांचा आणि एक इमारतींच्या देखभालीचा. आज कोणी त्याप्रमाणे वाटणी करत नाही, पण गरिबांचा वाटा उरलेल्या पैशातून काढायचा नसून तो पहिल्यापासूनच हिशेबात धरलेला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 258 मध्ये रोममध्ये शहीद झालेले संत लॉरेन्स हे दानाचा कारभार पाहणारे डीकन होते. चर्चचा खजिना हजर कर असे फर्मान आल्यावर त्यांनी शहरातील गोरगरीब आणि अपंग यांना नेऊन उभे केले, अशी परंपरा सांगते.

आपल्या ठेवीसारख्या प्रसंगासाठी आमच्या 1983 च्या धर्मसंहितेत (चर्चच्या कायद्यात) सरळ नियम आहे. तिच्या कॅनन (कलम) 1267 प्रमाणे श्रद्धावंतांनी ठरावीक हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे कॅनन 537 ने बंधनकारक केले आहे, आणि भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यावा असेही संहिता सांगते. नियम आहेत म्हणून सगळे आलबेल आहे, असा दावा मी करणार नाही. माझ्या लहानपणी एका धर्मग्रामात वर्षाचा हिशेब मिस्सेच्या अखेरीस इतक्या भरभर वाचला जाई, की तोपर्यंत अर्धे लोक चपला शोधत असत.

उत्तर: हिशेबतपासनीस, बोरिवली

वरच्या उत्तरांत राहून गेलेल्या दोन-तीन बाबी थोडक्यात नोंदवतो. प्राप्तिकरातून सूट टिकवण्यासाठी नोंदणीकृत संस्थेला सर्वसाधारणपणे वर्षाच्या उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. त्याहून अधिक साठवायचे असल्यास हेतू आणि मुदत लिहून विहित नमुन्यात कळवावे लागते. म्हणजे "पडून राहू द्या, केव्हातरी लागेल" हे धोरण कराच्या दृष्टीनेही महाग पडते. केवळ एका धर्मसमाजासाठी चालणाऱ्या मंडळीला दिलेल्या अर्पणावर देणाऱ्याला सहसा करसवलत मिळत नाही, त्यामुळे तसे आश्वासन देऊन वर्गणी मागू नये.

परदेशी गेलेल्या सभासदांकडून पैसे घेताना त्यांचे नागरिकत्व विचारावे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून दिलेले दान परकीय योगदान ठरत नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतलेले असेल तर ठरते, आणि मग 2010 च्या कायद्याखालील नोंदणी व दिल्लीतील ठरावीक बँकशाखेतील खाते यांशिवाय ते स्वीकारता येत नाही. नाताळला आलेल्या भाच्याने कौतुकाने दिलेल्या पाकिटामुळे अडचणीत आलेली संस्था मी पाहिली आहे. तसेच सभागृह बालवाडीला किंवा क्लासला तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर: अर्थसमितीचा नवा सदस्य, भायखळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात मी जुनी पावतीपुस्तके शोधत होतो. ती वेस्ट्रीतल्या लोखंडी कपाटात, नाताळच्या ताऱ्यांच्या खोक्याखाली सापडली. समितीत सगळेजण "आजाऱ्यांच्या मदतीसाठी" असे म्हणत होते, मीही तसेच लिहिले. पण स्थळप्रतीवर बाईंच्या स्वतःच्या अक्षरात "दवाखान्यात ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठी" असे लिहिलेले आहे आणि खाली त्यांची सही आहे. सभासद असावा अशी अट त्यांनी कोठेही घातलेली नाही.

ती स्थळप्रत मी सभेत फिरवली. ठेव मोडण्याचा ठराव मागे घेतला गेला. एकमताने नव्हे, दोघांनी नाराजी नोंदवली आणि ती इतिवृत्तात आहे. उपासना मे महिन्यात सात वाजता सुरू करण्यास कल्याण-बदलापूरच्या कुटुंबांनी विरोध केला, आणि तो रास्त होता, कारण त्यांना पहाटे साडेचारला उठावे लागले असते. म्हणून तूर्त पंखे घ्यायचे आणि एसीसाठी वेगळी पाकिटे वाटायची असे ठरले आहे. पहिल्या रविवारी 46 पाकिटे परत आली.

रखवालदाराच्या पगाराचा प्रश्न विचारल्याबद्दल माजी खजिनदारांचे विशेष आभार. आकडा येथे लिहिण्याची मला लाज वाटते. तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला ठेवला आहे.

परळच्या कामासाठी खोली घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून महिला मंडळाने दर शनिवारी 40 जणांचे जेवण नेण्याचे ठरवले आहे आणि त्याच्या खर्चाला ठेवीच्या व्याजातून हातभार लागेल. मुलुंडच्या ताईंना एक विनंती आहे: तिघींच्या अधिकाराची रक्कम ठरवताना आपण जो ठराव केला होता त्याचा मजकूर मिळाला, तर आम्हाला नव्याने भांडावे लागणार नाही.